न्यूनगंड कोठे रुजतो?

१

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे या परिषदेच्या अध्यक्ष होत्या. माझी आजी त्या मांडवात बसलेली होती. कडेवर मामा आणि पदराला धरून माझी आई. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे तिच्यापाशी परिषदेचा कागद नव्हता. होती ती आठवण. ती सांगायची, "बाबासायबानं आमाले लेकरायची गोष्ट सांगतली. लेकरू दबून राहू देऊ नका, असं माह्या ध्यानात रायलं."

बाबासाहेबांचे त्या दिवशीचे भाषण आज छापील स्वरूपात कोणालाही वाचता येते. स्वच्छ राहा, दुर्व्यसनांपासून दूर राहा, मुलामुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, हे त्यातले मुद्दे आपण जयंतीच्या व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकले आहेत. परंतु त्याच ओघात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मुलांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवा आणि त्यांच्या मनातले न्यूनगंड काढून टाका, असा तिचा आशय आहे.

आपल्या चळवळीने 'शिकवा' हा शब्द उचलला. त्यातून वसतिगृहे उभी राहिली, शिष्यवृत्त्यांसाठी मोर्चे निघाले, महाविद्यालये निघाली. त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. न्यूनगंडाचे काम मात्र आपण आईच्या पदरात टाकून मोकळे झालो. तो काढायचा कसा, मुळात तो मुलाच्या मनात शिरतो कोठून आणि कोणत्या वयात, याची चर्चा आपल्या सभा-संमेलनांतून फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखात ती करावयाची आहे.

मी मानसशास्त्राची पंडित नाही. एम्प्रेस मिलमधल्या कामगाराची आणि बिड्या वळणाऱ्या बाईची मी मुलगी. १९८१ पासून काही वर्षे उत्तर नागपुरातल्या इंदोरा भागात, विहाराच्या ओट्यावर भरणारी एक बालवाडी मी चालविली आणि पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून आयुष्य काढले. जे सांगणार आहे ते काही वाचनातून आले आहे, काही त्या ओट्यावरून, आणि काही माझ्या स्वतःच्या चुकीतून.

माझे म्हणणे थोडक्यात असे : न्यूनगंड मुलाबरोबर जन्माला येत नाही. शाळेच्या पहिल्या वर्गात तो पहिल्यांदा लागतो असेही नाही. तो सहा वर्षांच्या आत रुजतो, आणि मोठ्या अपमानांपेक्षा रोजच्या बारीक व्यवहारांतून रुजतो. पाणी कोण देतो, नावाने हाक कोण मारतो, कोणाच्या हातून खाऊ घेतला जातो, हे ते व्यवहार. म्हणून जातिअंताचे काम विद्यापीठात सुरू होते त्याहून बरेच आधी, बालवाडीच्या सतरंजीवर सुरू झाले पाहिजे.

२

मुलाचे मन कसे वाढते, हे आधी पाहू.

तान्हे मूल काही विचार करीत नाही, असा आपला समज असतो. वस्तुतः पहिल्या वर्षातच ते एका अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर शोधत असते. मी रडलो तर कोणी येते काय? ज्याच्या रडण्याला बहुतेक वेळा उत्तर मिळते, त्याच्या मनात जगाविषयी विश्वास बसतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालपणाची पहिली पायरी हीच सांगितली : विश्वास किंवा अविश्वास. जॉन बोल्बी याने पुढे दाखवून दिले की मूल कोणा एका-दोघा माणसांना घट्ट धरून ठेवते ते केवळ दुधासाठी नव्हे. त्या माणसाच्या आधारावर ते जगात पाऊल टाकायला धजते. सात-आठ महिन्यांचे मूल परक्याला पाहून रडते, आई उठली की आक्रोश करते. तो हट्ट नव्हे. आपले माणूस कोणते हे त्याला कळू लागल्याची ती खूण आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आईने चोवीस तास मुलाजवळ असले तरच मूल नीट वाढते, असा या शास्त्राचा अर्थ लावून कष्टकरी बाईला दोषी ठरविले जाते. हे खरे नाही. मुलाला आधाराची माणसे हवी असतात, ती एकाहून अधिक असू शकतात. आजी, आत्या, मोठी बहीण, शेजारीण, पाळणाघरातली बाई ही माणसे नेमाने आणि मायेने भेटली तर मूल त्यांच्याही आधारावर उभे राहते. प्रश्न बाईच्या मायेचा नसून व्यवस्थेचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगार स्त्रियांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली. परंतु ती कारखान्याच्या भिंतींच्या आतली. माझी आई घरी बसून मांडीवर सूप घेऊन हजार बिड्यांचा हिशेब पुरा करीत होती. तिच्या लेकरांसाठी कोणत्याही कायद्यात पाळणा नव्हता. धाकट्याला तंबाखूच्या वासातच झोप यायची.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आणखी एक मोठा बदल घडतो. दीड वर्षाच्या सुमारास मुलाला आरशातले मूल म्हणजे आपणच, हे कळू लागते. त्याच्या नकळत नाकावर कुंकवाचा ठिपका लावून आरसा दाखवा. याहून लहान मूल आरशाला हात लावते, हे मूल स्वतःच्या नाकाला लावते. येथे 'मी' जन्मतो. आणि 'मी' जन्मल्यावरच लाज जन्मते, अभिमान जन्मतो. राग, भीती, आनंद या भावनांना 'मी'ची गरज नसते. लाजेला असते, कारण लाज म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहणे. एरिक्सनने या वयाची पायरी सांगितली ती अशी : स्वतः करण्याची उमेद, किंवा लाज आणि स्वतःविषयी संशय. ज्या समाजव्यवस्थेने आपल्याला पिढ्यान्पिढ्या लाजेचे शिक्षण दिले, तिची गाठ मुलाशी या वयात पडते, हे लक्षात घेतले पाहिजे.

तीन ते सहा या वयात मूल घराबाहेर पडते. आधी ते दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून आपापले खेळते, मग बरोबर खेळते, मग खेळाचे नियम करते आणि मोडते. आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकते, हे त्याला चौथ्या वर्षाच्या आसपास उमगते. 'आपले' आणि 'त्यांचे' असे गटही त्याला याच काळात दिसू लागतात. गट कोणते, हे ते स्वतः ठरवीत नाही. मोठ्या माणसांनी ज्या रेषा आखल्या असतील त्या ते उचलते.

ती कशी उचलते? सांगून नव्हे. वर्षभराचे मूल कोणत्याही नव्या वस्तूजवळ थबकते, आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि मग ठरवते. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. जाड काचेखाली खोलगट भाग दिसेल अशा टेबलावर मुलांना रांगायला सोडले. पलीकडे आई. आई हसली तर पुष्कळशी मुले काच ओलांडून गेली. आईने भ्यालेला चेहरा केला तर एकही गेले नाही. आई एक शब्द बोलली नव्हती. जात याच मार्गाने मुलापर्यंत पोचते. ती शिकविली जात नाही, चेहऱ्यावर दिसते.

३

आता माझी चूक सांगते.

आमच्या वस्तीच्या टोकाला सफाई कामगारांची काही घरे होती. वस्ती बहुतेक बौद्धांची. ही घरे तेवढी वेगळी. त्यांतल्या एका घरचा पाच वर्षांचा मुलगा बालवाडीत यायचा. दाराजवळ बसायचा. गाण्यात तोंड उघडायचा नाही. खेळात त्याला कोणी घ्यायचे नाही आणि तोही मागायचा नाही. प्रशिक्षणात आम्हांला शिकविले होते की प्रत्येक मुलाच्या भावनिक व सामाजिक विकासाची नोंद ठेवा. मी त्याच्या नावापुढे लिहिले : बुजरा, मिसळत नाही, समज कमी.

एकदा तो चार दिवस आला नाही म्हणून मी घरी गेले. आई-बाप दोघेही पहाटेच झाडू घेऊन बाहेर पडलेले. हा दारात बसलेला, मांडीवर दीड वर्षाची बहीण. तिला ताप होता. ती रडली की तो तोंड वेडेवाकडे करून तिला हसवी, नाही हसली की उठून फेऱ्या मारी. "भेव लागते काय तुले? माय येते आता, भोंगा झाला का येते," असे तिला समजावीत होता. बहिणीला काय वाटते आहे हे तो ओळखत होता, त्याला नाव देत होता, तिची भीती स्वतःच्या अंगावर घेत होता. भावनिक विकास म्हणून पुस्तकांत जे लिहिलेले असते त्यात माझ्या बालवाडीतले एकही मूल त्याच्या पुढे नव्हते.

पाच वर्षांच्या मुलावर एवढा भार पडावा हे काही कौतुकाचे नाही. तथापि, माझी नोंद खोटी होती. ती मुलाची नसून माझ्या बालवाडीची नोंद होती. घरी बोलणारे मूल माझ्यापाशी मुके होत असेल तर मुकेपणाचे कारण माझ्यापाशी शोधायला हवे होते.

ते सापडायला वेळ लागला नाही. मुले त्याला नावाने हाक मारीत नव्हती, "जमादाराचा" म्हणत होती. मी ते ऐकत होते आणि मला ते खटकत नव्हते. मी स्वतः तरी त्याला कोठे नावाने हाक मारीत होते? "ए, तू जरा सरक," एवढेच. मुरमुरे-फुटाणे वाटायला मी रोज त्याच दोन-तीन मुलींना उठवीत असे. त्या स्वच्छ कपड्यांत यायच्या, चटकन उठायच्या. त्याला मी कधीच उठविले नव्हते. मी जात पाळत नव्हते, असे कोणी विचारले असते तर मी शपथेवर सांगितले असते. माझ्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. आणि तरी वर्षभर माझ्या हातून ते घडत होते.

दुसऱ्या आठवड्यापासून मी खाऊ वाटण्याची पाळी लावली. फळ्यावर प्रत्येक मुलाचे चित्र : कोणाचे फूल, कोणाचा पतंग. ज्याचे चित्र वर, त्याने वाटायचे. त्याची पाळी आली त्या दिवशी त्याने टोपले धरले आणि रांगेपुढे उभा राहिला. पहिल्या दोघांनी घेतले. तिसरी मुलगी चार वर्षांची. तिने हात पुढे केला, थांबली आणि दाराकडे पाहिले. दारात तिची आई उभी होती. मुलीने हात मागे घेतला.

बालवाडी सुटल्यावर ती बाई माझ्याकडे आली. "बाई, आमच्या पोट्ट्यायले त्याच्या हातचं काऊन देता?"

मी म्हणाले, "अवं, आपल्या मायच्या हातचं कोण खात होतं?"

ती काही बोलली नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी आली. आणखी एका घराने मात्र आपला मुलगा दिवाळीपर्यंत पाठविला नाही. पाळी मी बंद केली नाही. त्याच्या चौथ्या की पाचव्या पाळीला त्या मुलीने मुरमुरे घेतले. त्या दिवशी दारात कोणी नव्हते. मुलगा गाणी म्हणायला लागला असे मी सांगणार नाही. तो दारापासून उठून सतरंजीच्या मध्यावर बसू लागला, आणि एकदा दुसऱ्या मुलाने ओळ मोडली तेव्हा "माही पाळी हाय" म्हणून भांडला. माझ्या वहीतली ती पहिली खरी नोंद.

हा प्रसंग लिहिताना मला संकोच वाटतो. परंतु प्रस्थापितांच्या पंगतीतला भेद आपल्याला लगेच दिसतो. आपल्या ओट्यावरचा दिसत नाही. जातीची उतरंड ही प्रत्येकाला कोणीतरी खाली देते, म्हणूनच ती टिकते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. ते चार वर्षांच्या मुलीच्या मागे घेतलेल्या हातात मी पाहिले.

४

बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणाविषयी लिहिले आहे. शाळेत बसायला त्यांचे वेगळे गोणपाट असे आणि ते घरी न्यावे लागे. तहान लागली तर शिपाई नळ उघडून देई तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. न्हावी केस कापत नसे. घरी बहीण कापत असे. या साऱ्या गोष्टी त्यांना माहीत होत्या. पण १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, भाऊ आणि भाच्यांबरोबर ते वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले. अंगावर नवे, चांगले कपडे होते. मसूर स्टेशनवर मास्तर आधी मायेने बोलला, आणि जात कळताच एकदम मागे सरला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही मुलांना हाकू तयार नव्हता. रात्री पाणी मिळाले नाही. ते लिहितात की त्यापूर्वी अस्पृश्यता त्यांच्या लेखी नेहमीची, गृहीत धरलेली बाब होती. या प्रवासाने त्यांना तिचा विचार करायला लावला.

हे विधान बालमानसाच्या अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. लहान मुलाला अन्याय हा अन्याय म्हणून दिसत नाही. पाऊस वरून पडतो तसे गोणपाट वेगळे असते. जग असेच आहे, आणि मी त्यात येथे बसणारा आहे. 'का?' हा प्रश्न नवव्या वर्षी येतो, तोवर 'मी कोण' याचे उत्तर आत बसलेले असते. बाबासाहेबांना तो प्रश्न पडला आणि त्यांनी तो आयुष्यभर सोडला नाही. त्यांच्या घरी पहाटे उठवून अभ्यासाला बसविणारे सुभेदार रामजी होते आणि आई लहानपणीच वारल्यावर मायेने सांभाळणारी मीराबाई आत्या होती, ही गोष्टही विसरता कामा नये. बाहेर गोणपाट असले तरी घरात कोणीतरी या मुलाला मोठा होणारा माणूस म्हणून पाहत होते.

असेच दुसऱ्या देशातही दिसून आले आहे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या निग्रो मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, खेळायला कोणती हवी, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी उचलली. शेवटी 'तुझ्यासारखी कोणती?' असे विचारल्यावर काही मुले रडली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविताना या प्रकारच्या संशोधनाचा आधार घेतला.

आपल्याकडचा पुरावाही आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, हात तेच, कोडे तेच. मधे फक्त एक शब्द आला. अकरा-बारा वर्षांच्या मुलावर त्या शब्दाचा असा परिणाम होतो, कारण त्या शब्दाची जागा त्याच्या मनात फार आधी खणून ठेवलेली असते.

दुसऱ्या बाजूचे मूलही यातून सुटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सूखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने शिजविलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. त्या मुलांना तिरस्कार कोणी शिकविला? दारात उभ्या असलेल्या कोणाच्या तरी चेहऱ्याने. त्यांच्याही माणूसपणाची वाढ तेथेच खुंटली.

५

आपल्या आधीच्या माणसांना हे कळत नव्हते असे नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या वस्त्यांतून कचरू, धोंड्या, दगडू ही नावे मागे पडली आणि सिद्धार्थ, राहुल, सुजाता आली. बारशाच्या पाळण्यात झालेली ती क्रांती होती. मुलाला दिवसातून शंभर वेळा कानावर पडणारा शब्द कोणता असावा, याचा निर्णय आपल्या आईबापांनी स्वतः घेतला. त्याहीआधी, १९२२ साली, नागपुरात जाईबाई चौधरी यांनी मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. त्यांनी एकेकाळी डोक्यावर ओझी वाहिली होती. एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली तीही, अस्पृश्य बाईने आमच्या मुलांना शिकवू नये असा पालकांनी हेका धरल्यामुळे गेली. चेहऱ्यावरची जात त्यांनी वर्गात अनुभवली होती. म्हणून त्यांनी असा वर्ग उभा केला जिथे मुलीला शिक्षिकेच्या चेहऱ्यावर ती दिसणार नाही.

'अंगणवाडी' हा शब्दही याच प्रश्नातून आला. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. गावाच्या मधल्या बालवाडीत गरीब वस्त्यांची, हरिजनवाड्यातली मुले येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. शब्द राहिला, त्यातली दलित वस्तीच्या अंगणाची आठवण मात्र पुसली गेली.

कायद्याचे काय? मूळ संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे निदेशक तत्त्व होते. त्यात सहाच्या आतले मूल वगळलेले नव्हते. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदापर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा या वयाला. सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्य 'प्रयत्न करील', एवढेच नव्या ४५ व्या अनुच्छेदात उरले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्याच रेषेवर उभा आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया म्हणते. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. मुलाचा 'मी' ज्या वयात घडतो नेमके तेच वय हक्काच्या बाहेर ठेवले आहे. पैसेवाला त्या वयाचे शिक्षण विकत घेतो, आपले मूल प्रयत्नांची वाट पाहते.

जी दोन न्यायालयीन आयुधे आपल्या हाती आहेत, ती आपण पुरती वापरलेली नाहीत. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनिसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्या, असे म्हटले. अंगणवाडी कोणत्या आळीत आहे आणि तिथल्या चुलीशी कोण बसते, हा माझ्या मते पहिल्या प्रतीचा बालमानसशास्त्रीय प्रश्न आहे.

६

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांनी करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत.

मुलाला त्याच्या नावाने हाक मारा, पूर्ण आणि रोज. पाणी, खाऊ, हजेरी, सतरंजी उचलणे यांची पाळी लावा आणि ती कोणासाठीही मोडू नका. झाडू मारण्याचीही पाळी असू द्या, पण ती सर्वांची. ठरावीक घरच्या मुलांच्या हाती झाडू गेला की समजा, आपण जात शिकवीत आहोत. मूल 'मले', 'तुले' म्हणत आले तर पहिल्या दिवशी त्याची भाषा दुरुस्त करू नका. ज्या भाषेत त्याला भीती वाटते त्याच भाषेत ते भीती सांगू शकेल. 'रडू नको' म्हणण्याऐवजी 'तुले राग आला काय?' असे विचारा. भावनेला नाव मिळाले की ती मुलाच्या ताब्यात येऊ लागते. मारू नका. मार खाणारे मूल शिस्त शिकत नाही, बलवानापुढे मान खाली घालणे शिकते, आणि तो धडा आपल्याला हजारो वर्षे शिकविलेला आहे. हे बापांनाही सांगा. लेकरू वाढविणे हे बाईचे एकटीचे खाते नव्हे.

आणि मुलाला 'बुजरे' लिहिण्यापूर्वी त्याच्या घरी जा. आज इंग्रजी शाळांच्या शिशुवर्गांतून छापील प्रगतिपत्रके येतात. त्यांत 'आत्मविश्वास', 'मिसळणे' यांचे रकाने असतात. रकान्यात मुलाला गुण मिळतात. ज्या खोलीत ते बसते त्या खोलीला गुण देणारा रकाना नसतो.

नागपुरात आपल्या वस्त्यावस्त्यांत विहारे आहेत. अनेक विहारे सकाळची वंदना झाल्यावर संध्याकाळपर्यंत कुलूपबंद असतात. तिथे दहा ते एक मुले बसू शकतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातला एक दिवस वाटून घेतला तरी बालवाडी चालते. मी ती याहून कमी माणसांत चालविली आहे. मात्र विहाराचे दार वस्तीच्या टोकाच्या घरांसाठीही उघडे असले पाहिजे. नसेल तर ती बालवाडी आपण न काढलेलीच बरी.

सहाच्या आतल्या मुलाचा हक्क संविधानात परत आणण्याची मागणी आपल्या परिषदांच्या ठरावांत यायला हवी. ते दिल्लीचे काम आहे आणि त्याला वेळ लागेल. फळ्यावर पाळी लावायला वेळ लागत नाही. ती उद्या सकाळी लावता येते.